गाजर गवत फुलण्याआधी उपटा, पण कोणाच्या हातांनी?

ऑगस्ट उजाडला की मोठ्या भांडवलदारी वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत एक लेख हमखास येतो. परागकणांची ॲलर्जी असणाऱ्यांनी सकाळच्या वेळी बाहेर पडू नये, खिडक्या बंद ठेवाव्यात, गाडीच्या काचा वर कराव्यात, जमल्यास घरात हवा शुद्ध करणारे यंत्र बसवावे. हा सल्ला शास्त्राच्या दृष्टीने चुकीचा नाही. पण तो लिहिला कोणासाठी? सकाळी सातला मुकादमाच्या हाकेवर खुरपे घेऊन निघणाऱ्या बाईने घराबाहेर पडू नये म्हणजे काय करावे? पत्र्याच्या खोलीची खिडकी बंद केली तर आत जीव गुदमरतो, उघडी ठेवली तर नाल्याकाठच्या गवताची धूळ आत येते. आणि पहाटे झाडू घेऊन रस्त्यावर उतरणाऱ्या सफाई कामगाराला गाडीची काच कुठली? आजार सर्वांचा आणि उपाय मूठभरांचा, ही या देशाची जुनी रीत आहे. म्हणून हा विषय आपल्या पानावर, आपल्या वस्तीच्या बाजूने मांडण्याची गरज आहे.

महाराष्ट्रात पावसाळ्याच्या उत्तरार्धात ज्या तणाने लोक हैराण होतात त्यात पहिले नाव गाजर गवताचे. कोणी त्याला पांढरफुली म्हणते, कोणी काँग्रेस गवत. वनस्पतिशास्त्रातले नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. मूळचे ते अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशाचे, मेक्सिकोच्या आखाताभोवतालचे. भारतात त्याची ठळक नोंद झाली ती आपल्या पुण्यात, १९५५ च्या सुमारास. आर. एस. राव या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९५६ साली ती प्रसिद्ध केली. ज्या वर्षी नागपुरात बाबासाहेबांनी धम्मक्रांती घडविली त्याच वर्षी हे तण शास्त्रीय कागदावर आले, हा निव्वळ योगायोग. पण तारीख लक्षात ठेवायला सोपी जाते.

अमेरिकेहून आलेल्या गव्हाबरोबर ते आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पीएल-४८० चा करार १९५६ च्या ऑगस्टमधला, म्हणजे तण त्याआधीच उगवलेले होते. मात्र अमेरिकेचा गहू १९५१ पासूनच मदतीच्या कर्जातून येत होता. ब्रिटिश काळातील एखाद-दुसरा जुना नमुनाही अभ्यासकांनी दाखविला आहे. ते काहीही असो. काँग्रेसच्या राजवटीत आले म्हणून काँग्रेस गवत, की पांढरी फुले गांधी टोपीसारखी दिसतात म्हणून, यावर पारावर वाद चालतो. राजवटी बदलल्या, टोप्यांचे रंग बदलले, गवत मात्र सर्व सरकारांच्या काळात सारखेच माजले. पडीक जमीन, रेल्वेचा कडेपट्टा, कचरा डेपो, स्मशानभूमी, शाळेचे पटांगण, पांदण, बांध, गायरान, सगळीकडे.

गायरानाचा उल्लेख मुद्दाम केला. १९५९ आणि १९६४ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी ज्या पडीक आणि गायरान जमिनींसाठी तुरुंग भरले, त्यांतल्या कितीतरी जमिनी आजही ना भूमिहीनाच्या नावावर आहेत, ना गुरांच्या उपयोगाच्या. हे गवत जनावर सहसा तोंडात घेत नाही. खाल्लेच तर त्याला विषबाधा होते, दुभत्या जनावराचे दूध कडू होते. ज्याला जमीन नाही त्याची शेळी गायरानावर जगते. गायरान गाजर गवताने व्यापले म्हणजे त्याची शेळीही गेली. माणसाला कसायला द्यायचे नाही, तणाला मात्र मोकळे रान!

आता आजाराकडे येऊ. त्याचे दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे ओळखले पाहिजेत, कारण गोंधळ तिथेच होतो.

पहिला प्रकार नाका-डोळ्यांचा आणि छातीचा. फुलातले परागकण आणि झाडाचे वाळलेले सूक्ष्म कण हवेत उडतात, श्वासावाटे आत जातात. आपल्या शरीराची संरक्षणव्यवस्था काहींच्या बाबतीत या निरुपद्रवी कणालाच शत्रू समजते आणि त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार करते. पुढच्या वेळी कण आत आला की काही मिनिटांत हिस्टामिन नावाचे रसायन सुटते. सटासट शिंका, पाण्यासारखे नाक गळणे, डोळे लाल होऊन चुरचुरणे, टाळूला आणि कानात खाज ही त्याचीच लक्षणे. साध्या सर्दीत अंगात कणकण असते, आठवड्यात ती बरी होते. ॲलर्जीची सर्दी महिना-दोन महिने हटत नाही, ताप नसतो आणि दरवर्षी ठरावीक दिवसांतच येते. काहींच्या बाबतीत ती छातीत उतरते. रात्री-पहाटे खोकल्याची उबळ, छातीत शिट्टी वाजल्यासारखा आवाज, चढाव चढताना धाप, म्हणजे दमा.

दुसरा प्रकार कातडीचा. या झाडाच्या बारीक केसांत पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. झाडाला हात लागला की, किंवा वाळलेल्या झाडाची भुकटी वाऱ्याने अंगावर आली की, ते कातडीत शिरते. ही प्रतिक्रिया लगेच येत नाही, एक-दोन दिवसांनी येते. म्हणूनच माणसाला कारण उमगत नाही. सोमवारी गवत उपटले, बुधवारी अंग उठले. पापण्या, चेहरा, मान, कोपराची घडी, म्हणजे उघड्या आणि घामाच्या जागा लाल होतात, खाजतात, पाणी सुटते. वर्षानुवर्षे हा प्रकार चालला की कातडी जाड, काळी, भेगाळ होते आणि उन्हात जाणे असह्य होते. पुण्याच्या त्वचारोगतज्ज्ञांनी १९६० च्या दशकाअखेरीसच अशा रुग्णांची नोंद जगापुढे ठेवली. म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ सरकारला हे माहीत आहे.

एक गोष्ट येथे नीट समजून घेतली पाहिजे. ॲलर्जी पहिल्या स्पर्शात होत नाही. शरीर आधी ओळखते, मग चिडते. त्याला कधी महिने लागतात, कधी पाच-दहा वर्षे. 'इतकी वर्षे उपटले, काही झाले नाही, आताच कसे झाले?' हा प्रश्न म्हातारी माणसे हमखास विचारतात. इतकी वर्षे उपटले म्हणूनच झाले, हे त्याचे उत्तर. ज्याचा संबंध जास्त त्याला धोका जास्त. आणि संबंध कोणाचा जास्त, हे गावाच्या नकाशाकडे पाहिले की कळते. खुरपणी म्हणा, निंदण म्हणा, भांगलण म्हणा, ती करणाऱ्या बायका कोण आहेत? शहरात नाल्याच्या कडेचे गवत काढणारा कंत्राटी कामगार कोण आहे? जात माणसांना कामांमध्ये कोंबून बसवते, त्यांची निवड विचारात घेत नाही, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच सांगितले. कामाबरोबर त्या कामाचा रोगही वाट्याला येतो, एवढेच त्यात आपल्या अनुभवाने जोडायचे.

कारण कळले नाही की माणूस कारण बाहेर शोधतो. चेहरा सुजून लाल झाला की देवीचा कोप, करणी, नागीण. मग अंगारा, लिंबू, उतारा. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही आजारपणात शेजारणीच्या सांगण्यावरून हे चालते, ही कटू गोष्ट आहे. तथागतांनी प्रतीत्यसमुत्पाद सांगितला, कारणाशिवाय काही घडत नाही. पापणी सुजण्याचे कारण बांधावर दोन हात उंच उभे आहे आणि त्याला पांढरी फुले आली आहेत. अंगारा लावून ते वाळणार नाही.

पण अंगाऱ्यापेक्षाही मोठा धोका गल्लीतल्या सुईचा आहे. खेड्यात आणि झोपडपट्टीत पदवी नसलेले 'डॉक्टर' ॲलर्जीवर एक इंजेक्शन देतात. दोन दिवसांत नाक कोरडे, खाज बंद, दमा मोकळा. माणूस खूश. पंधरा दिवसांनी पुन्हा सुई. ही सुई बहुधा स्टिरॉइडची असते. हंगामभर ती घेत राहिले तर चेहरा गोल होतो, साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात, अंगातला दबलेला क्षयरोग उफाळू शकतो. तीच गोष्ट मलमाची. दुकानदाराने दिलेले स्टिरॉइडचे मलम तोंडाला महिनोन्महिने लावल्याने कातडी पातळ होऊन कायमची लाल होते. गोरेपणाच्या नावाखाली आपल्या मुली हेच मलम लावतात, ते दुखणे आणखी वेगळे. असे मलम चिठ्ठीशिवाय विकायचे नाही असा नियम आहे, तो पाळला किती जातो हे सर्वांना ठाऊक आहे. स्टिरॉइड हे औषधच वाईट असे मात्र नाही. तज्ज्ञाच्या हातात ते जीव वाचवते. काय दिले ते न सांगता टोचणारा हात वाईट.

मग करायचे काय? नाकाच्या त्रासावर सेटिरिझिन किंवा लोराटाडिनची रोजची एक गोळी स्वस्त आहे आणि बहुतेकांना चालते; सेटिरिझिनने काहींना थोडी गुंगी येते. सरकारी दवाखान्यात बहुधा सीपीएमची गोळी मिळते, तिने तर झोप येते. रिक्षा चालविणाऱ्याने, मोटारीवर किंवा विहिरीवर काम करणाऱ्याने ती दिवसा घेऊ नये, आणि वरून दारू तर मुळीच नको. त्रास रोजचा असेल तर नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा हा अधिक परिणामकारक उपाय आहे. त्यातली मात्रा अगदी कमी असते आणि ती जागेवरच काम करते, म्हणून सुईची भीती याला लावू नये. पण फवारा दोन-चार दिवसांनी लागू पडतो. शिंक आली की मारायचा आणि थांबली की ठेवून द्यायचा, याने उपयोग होत नाही. ज्याला दरवर्षी त्रास होतो त्याने फुलोरा येण्याच्या आठवडा-दोन आठवडे आधी डॉक्टरांना विचारून तो सुरू करावा. उलट चोंदलेले नाक क्षणात उघडणारे थेंब चार-पाच दिवसांपेक्षा जास्त वापरू नयेत. त्यांची सवय लागते आणि नाक अधिकच चोंदते.

फुकटातलेही उपाय आहेत. उकळून कोमट केलेल्या पेलाभर पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून नाक धुतले की अडकलेले कण निघून जातात. रानातून आल्यावर आधी हातपाय, तोंड, डोके धुवावे, कपडे बदलावेत, कामाचे लुगडे अंथरुणात घेऊ नये. फुलोऱ्याच्या दिवसांत अंथरूण-पांघरूण गवताच्या बाजूला वाळत घालू नये. कामावर नाका-तोंडाला रुमाल किंवा मास्क आणि पूर्ण बाह्यांचा सदरा. लुगड्यावर नवऱ्याचा जुना सदरा चढवून खुरपायला जाण्याची आपल्या बायाबापड्यांची पद्धत कोणाला हसण्यासारखी वाटत असेल, ती वैद्यकीयदृष्ट्या अगदी योग्य आहे. कातडीचा त्रास असणाऱ्याने एक गोष्ट आणखी ध्यानात ठेवावी. शेवंती आणि सूर्यफूल हे याच कुळातले आहेत, त्यांचाही त्रास होऊ शकतो. जयंतीला हार गुंफायचे काम अशा कार्यकर्त्याने दुसऱ्याकडे द्यावे.

दम्याबद्दल मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. 'पंप' लागला म्हणजे माणूस संपला, मुलीचे लग्न जमणार नाही, ही समजूत आपल्यातून गेली पाहिजे. श्वासातून घ्यायचे औषध गोळीपेक्षा कमी मात्रेत थेट फुप्फुसात जाते. धाप लागून वाक्य पुरे बोलता येत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर वाफारा घेत बसू नये, सरळ इस्पितळ गाठावे. आणि दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर ॲलर्जी म्हणून अंगावर काढू नये, थुंकी तपासून घ्यावी. क्षयरोगाची तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे. दाटीच्या वस्तीत ही दोन दुखणी एकमेकांच्या आड लपतात. ॲलर्जी नेमकी कशाची हे पाहण्याच्या चाचण्या आणि तीन ते पाच वर्षे चालणारी लसीची उपचारपद्धतीही आहे, पण ती महाग आहे आणि सर्वांना लागत नाही. कातडीच्या जुनाट रोग्याने मात्र वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचाविभागात एकदा जावेच.

हे झाले आजारी पडल्यावरचे. मुळात गवतच का उभे राहते, हा खरा प्रश्न आहे आणि तो सार्वजनिक आहे. जूनच्या पहिल्या पावसात बी उगवते. महिनाभरात, फार तर सहा आठवड्यांत फूल दिसते. एका झाडाला दहा ते पंचवीस हजार बिया येतात आणि त्या जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात. म्हणजे उपटायची वेळ जूनची अखेर आणि जुलैची सुरुवात; जमीन ओली असते, मुळासकट निघते, पराग नसतो. पहिल्या पावसाची ही पिढी निघाली की मागून उगवणाऱ्यांसाठी आणखी एक-दोन फेऱ्या लागतात. आपल्याकडे मात्र गाजर गवत निर्मूलनाचा जागृती सप्ताह ऑगस्टच्या मध्याला येतो. फुलोरा ऐन भरात! पाहुण्यांच्या हातात नवे हातमोजे, फोटो निघतो, पाहुणे गाडीत बसतात आणि उरलेले रान उघड्या हातांनी उपटायला ग्रामपंचायतीचा कामगार किंवा शाळेची पोरे उरतात. श्रमदान हा शब्द गोड आहे. पण ज्यांचे श्रम पिढ्यान्‌पिढ्या फुकट घेतले गेले त्यांच्याकडून पुन्हा दान कसले मागता?

उपटलेले गवत तिथेच पेटवून द्यायचे, ही आणखी एक घातक सवय. धुराबरोबर तेच कण वस्तीभर पसरतात. फूल येण्याआधी उपटले तर त्याचे खत होते, खड्ड्यात पुरता येते. तणनाशक हा तर सरकारी खात्यांचा आवडता मार्ग. फवारणी करणारा पुन्हा तोच, रोजंदारीवरचा, मास्कशिवाय. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या फवारणीने शेतकरी-शेतमजुरांचे जे बळी गेले ते आपण विसरलेलो नाही. ॲलर्जी टाळायला विषबाधा पत्करायची, हा कुठला न्याय?

यापेक्षा शहाणे मार्ग आहेत. मेक्सिकोतून आणलेला झायगोग्रामा नावाचा भुंगा १९८४ साली बंगळूरच्या परिसरात सोडला गेला, तो आता देशभर पसरला आहे. पाठीवर काळ्या रेघा असलेला हा लहानसा किडा पावसाळ्यात गाजर गवताची पाने फस्त करतो. पिकावरची कीड समजून लोक त्याला मारतात, तसे करू नये. दुसरा मार्ग आपल्याच भाजीचा. टाकळा, ज्याला विदर्भात तरोटा म्हणतात, तो दाट वाढला की गाजर गवताला जागा देत नाही. कोवळा असताना त्याची भाजी गरिबाच्या ताटात असते. पडीक जागेत त्याचे बी टाकायला खर्चही फार नाही. जबलपूरच्या तणसंशोधन संस्थेसह अनेक ठिकाणी यावर काम झाले आहे. ज्ञान आहे, ते तालुक्याच्या कचेरीपर्यंत येऊन थांबते.

म्हणून मागणी स्वच्छ शब्दांत करावी लागेल. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखली गेली आणि त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा आला. कारखान्यातल्या कामगाराला त्याचा आधार मिळाला. शेतात खुरपणारी बाई मात्र आजही त्या छत्राबाहेर आहे. तिच्या अंगावर उठलेले पुरळ कामाचा आजार म्हणून कोणी लिहून घेत नाही. दवाखान्याच्या केसपेपरवर नुसते 'खाज' एवढेच लिहिले जाते. निदान एवढे तरी व्हावे, की प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेल्या रुग्णाला 'काम काय करता' हे विचारून नोंद करावी, महिला मंडळांनी तसा आग्रह धरावा. गवत काढण्याचे काम देणाऱ्याने, तो पाटील असो, कंत्राटदार असो की नगरपालिका, कोपरापर्यंतचे हातमोजे, मास्क आणि हात धुवायला पाणी-साबण द्यावा. ज्याला आधीच ॲलर्जी आहे त्याला त्या कामातून मजुरी न कापता दुसरे काम द्यावे. आणि वस्तीलगतच्या सरकारी जागेवरचे गवत जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात काढण्याचा ठराव मे महिन्याच्या ग्रामसभेतच मंजूर करून घ्यावा. ठरावाची प्रत मागून घ्यायला विसरू नये.

फुलोऱ्याचा जोर ऑक्टोबरपर्यंत राहतो आणि याच दिवसांत अशोक विजयादशमीला लाखो बांधव दीक्षाभूमीवर येतात, मोकळ्या मैदानांवर, रस्त्याकडेला रात्री काढतात. ज्यांना दमा किंवा हंगामी ॲलर्जी आहे त्यांनी निघताना आपला पंप, गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी अंगावरच्या पिशवीत ठेवावी, ट्रकमधल्या गाठोड्यात नको. अंथरायला जाड सतरंजी घ्यावी, गवत असलेला कडेचा भाग टाळावा. स्वयंसेवक पथकांनी मुक्कामाच्या मैदानांची पाहणी महिनाभर आधी केली, तर महापालिकेकडून ते गवत वेळेत काढून घेता येईल.